बंद दारापुढची मांजर

अडाजण, सुरत
६ डिसेंबर

प्रिय शोभा,

रविवारी पाठवलेला तुझा फोटो पाहिला. श्रीकांतरावांच्या खुर्चीत रमा शेपटी लोंबकळत सोडून पसरली आहे आणि तू खाली चटईवर गहू निवडते आहेस. ते गेल्यावर चार महिने तू त्या खुर्चीला कोणाला हात लावू दिला नव्हतास. फोनवर "हो", "नाही", "जेवले" एवढंच बोलायचीस. रमा आली, तू पुन्हा मला नावं ठेवायला लागलीस, तेव्हा मी निर्धास्त झाले. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचताना तुला वाटेल की मला ते कळलेलंच नाही.

रमा कुठून आली ते मी तुला अर्धंच सांगितलं होतं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी हे काम करते. टाकून दिलेली मांजरं उचलायची, डॉक्टरांना दाखवायची, चांगलं घर शोधायचं. माझा नियम असा, की तीनदा जाऊन पाहायचं आणि तिन्ही वेळा वाटी रिकामी दिसली तरच उचलायचं. मे महिन्यात लिंबायतच्या एका गल्लीत ही कुलूप लावलेल्या दारापुढे बसलेली दिसली. बरगड्या वर आलेल्या, पाठीवर यंत्राच्या तेलाचे काळे डाग. मी ओळीने तीन दिवस गेले. तिन्ही दिवस कुलूप, तिन्ही दिवस वाटी कोरडी. चौथ्या दिवशी टोपलीत घालून आणली आणि पुढच्या आठवड्यात भुसावळच्या गाडीने जळगावला तुझ्याकडे पोचवली.

जुलैत दुसऱ्या एका मांजरीसाठी त्याच गल्लीत गेले. कुलूप निघालं होतं. उंबऱ्यावर एक बाई साड्यांचे लोंबते धागे कापत बसली होती आणि मध्येच मान वर करून "चिंगी, ये वं माय" अशी हाक मारत होती. शेजारचा माणूस बादली घेऊन बाहेर आला, तर नळावरची एक म्हणाली, "का भटूभाऊ, आज कोनी मांजर इकी?" बाकीच्या हसल्या. तो पाणी न भरताच आत गेला.

मी नळावरच चौकशी केली. ती बाई धुरपदाबाई. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, गावी गेली होती आणि भाचीच्या लग्नासाठी तिकडेच थांबली. त्या दिवसांत निम्मी गल्ली खानदेशात असते. चाळीस वर्षं सुरतेत काढून मला हे ठाऊक नव्हतं, असं नाही. जाताना तिने मांजर भटूवर सोपवली होती. भटू रात्रपाळीला कापड विणायचे संचे चालवतो. सकाळी आठला आला की तिला खायला घालायचा, संध्याकाळी कामावर निघताना पुन्हा. दुपारभर झोपलेला असायचा. आणि मी तिन्ही दिवस गेले ती दुपारी तीनला, कारण ती माझ्या सोयीची वेळ. मांजर हडकुळी होती ती वयामुळे आणि उन्हाळ्यामुळे. शेजारचं दार वाजवायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी वाजवलं नाही. त्या गल्लीत कोणी मांजर जिवाला लावून घेतली असेल, हे माझ्या मनातच आलं नाही.

धुरपदाबाईने ठरवून टाकलं की भटूने मांजर विकली. त्याचं बिऱ्हाड गावी असतं, म्हणून ती त्याला रोज दोन भाकरी करून द्यायची. त्या बंद झाल्या, बोलणंही बंद झालं. हे मला जुलैत कळलं, शोभा. घरी आले आणि कोणाला काही बोलले नाही. त्याच रविवारी तुझा फोटो आला, त्यात तू हसत होतीस. मी स्वतःला समजावलं की मांजर सुखात आहे, अंग धरलं आहे तिने, कुठे राहायचं असं तिला विचारलं तर जळगावच म्हणेल. असं म्हणत म्हणत दिवाळी गेली. माझ्या बहिणीचं एकटेपण मला दिसत होतं. धुरपदाबाई कोणाबरोबर जेवते, हे मी कधी विचारलंही नव्हतं.

परवा जाऊन सांगितलं. भटूला हाक मारून त्याच्यादेखत सांगितलं. ती ओरडेल अशी माझी तयारी होती. तिने कात्री खाली ठेवली आणि विचारलं, "जेवस ना ती बरी?" मी फोटो दाखवला. तिने बोटाने मोठा करून पाहिला. "जाडी व्हई गयी," म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. भटू भिंतीला टेकून उभा होता. "आते तरी बोलशी ना, भाभी?" तिने त्याच्याकडे न बघताच सांगितलं, "तू आधी ताईले पानी आन." ते पाणी मी कसं प्याले ते मला विचारू नकोस.

हे फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस आणि मी पुन्हा गप्प बसले असते. येत्या गुरुवारी मी धुरपदाबाईला घेऊन तुझ्याकडे येते आहे. त्याआधी तुला कळावं म्हणून हे पत्र. ती मांजर मागेल की नुसती पाहून परत फिरेल, हे मी विचारलेलं नाही. तसं विचारण्याचा हक्क मला उरलेला नाही. तिने मागितली तर तू द्यायचीस. दुसरी आणून देते, असं मी म्हणणार नाही. मी दोन दिवस राहायच्या तयारीने येईन, पण तुला माझं तोंड बघवलं नाही तर तसं सांग. त्याच संध्याकाळच्या गाडीने परत निघेन.

रागावलीस तरी तुझीच,
शकुताई