संत्र्याच्या मापाची टोपी

३ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. पिवळी टोपी मुलीला घालून पाहिली, ती थेट गुडघ्यापर्यंत उतरली. डोकं संत्र्याएवढं आहे असं मी लिहिलं होतं, ते खरंच तेवढंच आहे. शेजारच्या काचेच्या पेटीतल्या बाळाचे वडील बेकरीवाले आहेत. त्यांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, ही टोपी बाळाची की बाळाच्या बाबांची. वॉर्डात आवाज चालत नाही, म्हणून आम्ही तोंडावर हात दाबून हसलो. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच हसले, आणि लगेच अपराधी वाटलं.

जुळी होती हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. बाकीचे आईबाप बाहेरच्या खोलीत बसतात, मी जिन्यात. बोलायला लागले तर थांबता येणार नाही असं वाटतं. त्याच्यासाठी तू विणलेली निळी टोपी तुला परत पाठवू का, ते कळव.

ह्यांचा नमस्कार. काळजी कमी आणि लोभ जास्त करावा.

तुझी धाकटी

१० मार्च

चि. धाकटीस अ. उ. आ.

चूक माझी नाही, तुझी आहे. लहानपणी हात मोडला तेव्हा जरा दुखतंय म्हणून दिवसभर गणितं सोडवत बसली होतीस. एक जण बरा वाटतो असं लिहिलंस, आणि आठवड्यात जावई दारात. तेव्हापासून तुझं सगळं मी दुप्पट करून वाचते. तू संत्रं लिहिलंस, मी नारळ धरला.

निळी टोपी परत पाठवलीस तर गाठ माझ्याशी आहे. ती माझ्या भाच्याची आहे. हसलीस यात कसला अपराध? आणि जिन्यातून ऊठ, तिथे मांजरं बसतात. बेकरीवाल्यांना सांग, बाबांच्या मापाची हवी असेल तर लोकर त्यांची.

खोलीत जाऊन बसलीस तरच लोभ, नाहीतर अबोला.

तुझी ताई

२ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

दोन आठवड्यांपूर्वी मंगळवारी दुपारी मिरीचा श्वास थांबला. (नाव बेकरीवाल्यांनी ठेवलं. मिरीएवढी आणि तेवढीच तिखट.) डॉक्टर धावले, मला बाहेर काढलं. पाय जिन्याकडे वळले होते, पण तुझी मांजरं आठवली. खोलीत गेले. तिथे एक बसकंडक्टर बाई आहे, तिच्या मुलीचंही असं झालेलं. तिनं सरकून जागा दिली आणि काही विचारलं नाही. म्हणून मीच सांगितलं, की एक आधीच गेलाय, हीसुद्धा गेली तर मी घरी कशी जाऊ. ती माझ्याहून जास्त रडली. बेकरीवाले कोपऱ्यात पाव कापत राहिले, कुणी खात नव्हतं तरी. शेवटी सिस्टर सांगत आली, की मिरी श्वास घेतेय आणि भयंकर चिडलीय.

मग मी निळी टोपी काढून दाखवली. कंडक्टर बाईनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं, की ज्या पोराला ही नीट बसेल ते घरी. डॉक्टर म्हणाले चालेल, फक्त आम्ही वजनही बघू. सिस्टर दर मापानंतर टोपी उकळून घेते, आणि तुझी अस्सल लोकर दर वेळी आटते. पोरं वाढतायत, टोपी आटतेय. काल बेकरीवाल्यांचा पहिलवान घरी गेला. निघताना ते म्हणाले, आम्ही नशिबालाच टोपी घातली. खोलीभर तोंडं दाबली गेली. दोघांना तर हसायला जिन्यात जावं लागलं. जिना आता त्यासाठी आहे.

मांजरांसकट सर्वांवर लोभ असू दे.

तुझी धाकटी

२९ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

आज मिरीला निळी टोपी बसली. कानांवर जरा घट्टच. वजनही पुरलं.

टोपी घरी आणायची असं मी ठरवलं होतं. पण निघताना जिन्यात एक नवी आई बसलेली दिसली. मिरीला ह्यांच्याकडे देऊन तिच्याशेजारी टेकले. तिनं विचारलं, ही एवढीशी टोपी कुणाची. मी म्हटलं, आमच्या थोरल्याची, तो इथे सगळ्या पोरांची मापं घेतो. टोपी तिच्या हातात दिली आणि तिला खोलीत घेऊन गेले. कंडक्टर बाईनं सरकून जागा केली.

मिरी पिवळ्या टोपीत घरी आली आहे. ती अजून तिच्या नाकापर्यंत येते.

मी जरा आनंदात आहे. नेहमीप्रमाणे दुप्पट करून वाच, आणि लोभही त्याच मापाचा असू दे.

तुझी धाकटी