रांगेत आलेलं सोनं

सोमवार, ८ जाने.
आज दुपारी सोन्याचे अणू रांगेत आले आणि माझं सगळं बदललं. तिथंच. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या पडद्यावर आधी नुसती दाटी, दसऱ्याला सराफांच्या गुजरीत असते तशी. मग काही ठिपके ओळीत. विस्कटले. परत ओळीत. क्रिस्टल असा तयार होतो. अस्मिता पुटपुटली, "आला बघ." माझ्याकडं न बघताच. अ. नेसरी गावची, पीएचडी करते. मी सेकंड इयरला सरांशी भांडून कॉलेज सोडलेला, तिच्या मशीनला द्रव नायट्रोजन भरणारा कंत्राटी गडी. तिला मनातलं सांगायचंच आता. पण

गुरुवार, ११
घाण केली. त्या खोलीत मोठ्यानं बोलायचं नसतं, आवाजानंसुद्धा चित्र हलतं. अ. सकाळपासून वाट बघत बसलेली, अणू नुकते जुळायला लागलेले. तेवढ्यात अनिकेत आला. तिच्याच गाईडकडं पीएचडी करतो. सरळ तिच्या कानाला लागला. दोघंही हसली. माझं डोकं फिरलं. ओरडलो, "काय कुजबूज लावलीया रं?" पडदा थरथरला, रांगा दिसेनात. रेकॉर्डिंग चालू होतं. अ. एवढंच म्हणाली, "बाहेर हो."

शुक्रवार
गेलो न्हाई. आईला म्हटलं डोकं दुखतंय. दुखतच होतं. नोकरी गेली तर जाऊ दे. अ. परत आत घेईल का, एवढंच.

शनिवार, १३
अ.चाच फोन. गेलो खाली मान घालून. तिनं रेकॉर्डिंग संथ करून दाखवलं. मी ओरडायच्या आधीच रांगा आपोआप मोडल्या होत्या! थरथर थांबल्यावर परत जुळलेल्या.
"एका दमात होत न्हाई ते. मोडतंय, परत होतंय. हेच पायजे होतं मला."
छातीवरचा धोंडा उतरला. धीर करून विचारलं, अनिकेत कानात काय सांगत होता. गाईड सर यायलेत, एवढंच म्हणे.
"खुळ्या, हितं सगळीच कानात बोलत्यात. तू सोडून."
दारातनं अनिकेत म्हणाला, पावणं, आवाज जरा बारीक ठेवा. त्याला मिसळ चारली.

सोमवार, १५
वाक्य सकाळपासून तयार. अ. पडद्याला चिकटलेली. मोठ्यानं सांगावं तर चित्र हलणार, आणि असलं काही कुजबुजायला मला जमत न्हाई. शेवटी वाकून एवढंच म्हटलं, "झालं की खाली ये. बोलायचंय." तिनं मान हलवली. मला, का ठिपके जुळले म्हणून, कळलं न्हाई. विचारलंही न्हाई. बाहेर पडलो, दार लावून घेतलं.