चार वाट्या मैदा, तीन वाट्या तूप

अब्बा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाजही आता मला नीट आठवत नाही. हिंगोलीची आपली भट्टी मात्र डोळ्यांपुढे आहे. दुपारी पाव निघाले की तुम्ही नानकटाईचं सामान तागडीत घालायचात. एक शेर मैदा, पाऊण शेर तूप, तेवढीच पिठीसाखर. पीठ मळायला मला बसवायचात आणि गिऱ्हाइकांना सांगायचात, माझी लेक माझ्याहून हुशार आहे.

माझं लग्न वसमतला ठरलं. सासरे शिंपी. बेकरीवाल्याची मुलगी येतेय म्हणून त्यांनी अंगणात मातीची छोटी भट्टी बांधून घेतली होती. निघायच्या आधी मी तुम्हाला विचारलं, "अब्बा, तिथं तागडी न्हाई. वाटीनं कसं मोजू?" तुम्ही पितळी वाटी माझ्या हातात ठेवलीत. "त्यात काय? चार पावशेर मैदा म्हणजे चार वाट्या, तीन पावशेर तूप म्हणजे तीन वाट्या. हिशोब बराबर तोच." मी कागदावर उर्दूत लिहून घेतलं.

पहिल्याच ईदला सासरच्यांनी सगळी गल्ली बोलावली. पीठ हातात गोळा धरेना. भट्टीत सगळ्या नानकटाया विरघळून एकमेकींत मिसळल्या आणि ताटात तुपाचा एक चपटा थर उरला. सासूबाई पाहुण्यांदेखत म्हणाल्या, "हिला काही येत न्हाई. फसवलं आपल्याला." मी आणखी दोनदा करून पाहिलं. लढाईचे दिवस होते, साखर कंट्रोलची, मोजून मिळायची. तिसऱ्या वेळी सासरे पहार घेऊन अंगणात गेले आणि भट्टी फोडून आले.

मी माहेरी आले ती रडतच. तुम्ही माझे तळवे हातात घेऊन पाहिलेत. "काहून रडून राहिली? तुझे हात गरम हायेत, पोरी. तूप वितळतं. हे काम समद्यांच्या नशिबी नसतं." तेही मी खरं मानलं. पुढची चार वर्षं मी भाकरीचं पीठसुद्धा हात गार पाण्यात बुडवून मळायची.

मग एकदा वाण्याकडे तूप आणायला गेले. त्याने माझी पितळी वाटीच तागडीत ठेवली, तिच्या वजनाचा दगड दुसऱ्या पारड्यात टाकला. काठोकाठ तूप पावशेर भरलं. तूप डब्यात ओतून घेतलं आणि पावशेर मैदा मागितला, तर वाटी भरूनही पारडं उचललेलंच. वर आणखी अर्ध्या वाटीहून जास्त टाकावा लागला. माझं तोंड बघून तो हसला. "मैदा हलका असतो, बाई. हे तर लेकरालाबी कळतं."

तुम्ही तर सगळा जन्म तागडीपुढे काढला होता.

घरी येऊन तीन वाट्या तुपाला साडेसहा वाट्या मैदा घेतला, पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवून नानकटाया भाजल्या. गोल फुगल्या, वरून तडकल्या. सासूबाईंनी एक खाल्ली, मग दुसरी उचलली. मी आत जाऊन रडले. त्यांना वाटलं, आनंदाने.

तुम्ही गेल्यावर, चाळिसाव्या दिवशीच्या फातेहाला, मी भाईजानला, माझ्या थोरल्या भावाला, त्या मापाचं विचारलं. "अब्बाच बोलले होते. पोरगी दुसऱ्या घरची, वसमतला आपलीच नानकटाई आपल्यासमोर ईकंल. तिला खरं माप देऊ नका." इतकंच. कुण्या परक्या कारागिराबद्दल बोलावं तसं तुम्ही माझ्याबद्दल बोलला होतात.

हे पत्र मी मराठीत लिहितेय. ही अक्षरं मी माझ्या लेकरांच्या पुस्तकांतून शिकले. तुम्हाला वाचता आली नसती. एक गोष्ट भाईजानलाही सांगितलेली नाही. तुमच्या शेवटच्या आजारात मी हिंगोलीला आले, ती वाण्याच्या दुकानानंतरच. माप खोटं होतं हे जाणूनच तुमच्या खाटेपाशी बसले होते, तुम्हाला चमच्याने पाणी पाजत. विचारलं नाही. लोक म्हणाले, केवढी मायाळू लेक. माया नव्हती ती, अब्बा. मला भीती वाटत होती, विचारलं तर तुम्ही म्हणाल, "कसलं माप? मला आठवत न्हाई."