हंगाम वगळता

१२ ऑगस्ट, मंगळवार. बारामती

सकाळी सकाळी एक फाइल गळ्यात मारली. बाभूळफाट्यावर मोठं संकुल होणार आहे. पुढं दुकानं, मधी हॉटेल, मागं मंगल कार्यालय. त्यानं रहदारीवर आणि सुरक्षिततेवर काय परिणाम होईल, याचा पोलिसांचा अभिप्राय पाहिजे. साहेब म्हणाले, "तुम्ही त्याच गावच्या, तुम्हाला रस्ता पाठ आहे." फार गोड बोलले. ते गोड बोलले की माझं डोकं आधीच दुखायला लागतं. (इथून पुढं नुसतं 'सा.' लिहीन. एवढीच शाई पुरे.)

रस्ता पाठ आहे हे खरं. लग्न करून आले तेव्हा एकेरी होता, आता मधी दुभाजक. वाहतूक शाखेत आम्ही फौजदार तिघं, तरी फाइल नेमकी माझ्याकडंच का, हे विचारायला पाहिजे होतं. राहून गेलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

जागेवर जाऊन आले. सोबत संकुल बांधणाऱ्या शेठचे सल्लागार, पुण्याचे, पांढरे बूट. चिखलात उतरायला तयार नाहीत. गाडीच्या बॉनेटवरच नकाशा पसरला.

नकाशा बघून हसावं का रडावं कळेना. आत्ता गावासमोर दुभाजकाला पंक्चर आहे, म्हणजे वळायला सोडलेली मोकळी जागा, तिथनं गाव सरळ रस्ता ओलांडतं. शाळा पलीकडं, दवाखाना पलीकडं, कारखान्याकडं जाणारी बाजू पलीकडं. ते पंक्चर बुजवायचं आणि संकुलाच्या गेटसमोर नवीन पाडायचं. म्हणजे गावानं आधी शेठच्या दारापर्यंत जायचं, तिथं वळायचं आणि परत माघारी यायचं. कोण जाणार असं? माणूस उलट्या बाजूनं येणार, तेही फोन कानाला लावून. वर्दी नसती तर मीही आले असते.

सल्लागार म्हणाले, मोजणी केलीय, रस्त्यावर भार किरकोळ आहे. कधी केली? जुलैत.

जुलैत! कारखाना बंद. उसाची एक ट्रॉली रस्त्यावर नाही, तोडीच्या टोळ्या आपापल्या गावाला. सोमवारी जाऊन गुरुवारचा बाजार मोजायचा, तसलं काम. म्हटलं, हंगामात मोजलं का? तर म्हणाले, "कसला हंगाम?" मी थोडा वेळ त्यांच्या बुटांकडंच बघत राहिले. तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं सांगता येत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार. गावी

आज कळलं फाइल माझ्याकडं का आली.

जागा आबांची. आमच्या थोरल्या दिरांची! वाटणीत रस्त्याकडची पट्टी त्यांच्याकडं गेली, तीच शेठला द्यायचं ठरलंय. सगळ्या परवानग्या आल्या की व्यवहार. ह्यांना ठाऊक होतं. सासूबाईंना ठाऊक होतं. मला सोडून अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

सगळे जेवायला बसलेलो. आबा हसत म्हणाले, "आता काळजी कसली? फाइल घरातच आलीय." तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "फाइल माझ्याकडं आलीय आबा, घरात न्हाई आली." सासूबाई म्हणाल्या, ताटावर बसून असं बोलू नये. आमचे हे ताटात डोकं खुपसून. जाऊबाई उगाच आमटी वाढत राहिल्या, वाटी भरलेली असताना.

सायली, आबांची मुलगी, नववीत आहे. रोज सायकलवरनं तोच रस्ता ओलांडून शाळेला जाते. तिला विचारलं, तुला कुठनं ओलांडायला सोपं पडेल? म्हणाली, "काकू, सोपं कुठनंच न्हाई. ऊस सुरू झाला की आमी हात धरून पळतो."

१९ ऑगस्ट

सा.ना लेखी दिलं की जागा माझ्या दिरांची आहे, फाइल दुसऱ्याकडं द्यावी. सा. हसले. म्हणाले, "सगळा तालुका एकमेकांच्या नात्यातच आहे मॅडम, मग अभिप्राय द्यायला माणूस काय नागपूरहून आणू?" कागद परत दिला.

म्हणजे सगळं ठरवून. घरचीच बाई, सही गुमान करेल. मला काय शेळी समजले काय हे लोक?

३० ऑगस्ट

गणपतीचा बंदोबस्त. पाय सुजलेत. त्यातच वेळ काढून अभिप्राय टाइप केला. 'गळीत हंगाम सुरू झाल्यावर पुन्हा पाहणी करणे आवश्यक. तोपर्यंत अभिप्राय राखून ठेवण्यात येत आहे.' सा. मंडपाच्या मागं घेऊन गेले आणि झापलं. शेठचं काम अडलंय, वरून फोन येतात, तुम्हाला काय रस्त्याची पीएच.डी. करायचीय?

मी म्हटलं, सर, संकुल बांधू नये असं मी कुठं म्हणते? बांधा की. गावाचं पंक्चर तिथंच ठेवा आणि शेठनं आपल्या जागेत सेवारस्ता काढावा, मी आज सही करते. यावर सा. मंडपात निघून गेले. सेवारस्त्याला जागा सोडायची तर पुढची दुकानं जातात. दुकानं राहिली पाहिजेत, पोरी हात धरून पळाल्या तरी चालतील.

आरतीला टाळ्या वाजवल्या, पण हात शिवशिवत होते वेगळ्याच कामासाठी.

२३ ऑक्टोबर. भाऊबीज

दिवाळी गावी. आबा चार दिवस एक शब्द बोलले नाहीत. चहा नेला तर कप ओट्यावर ठेवायला लावायचे, हातातनं घ्यायचे नाहीत. फाट्यावर संकुलाचा फलक लागलाय, त्यावर गावातल्या पोरांचे फोटो, शुभेच्छुक म्हणून. एक जण ओळखीचा, सरळ म्हणाला, "काकू, तितं आमाला काम मिळणार हाय. तुमी कशाला आडव्या पडता?" त्याच्यावर राग धरता येत नाही, हाच त्रास. शेठनं तेवढं बरोबर हेरलंय.

आज वरकुट्याला माहेरी. भावाला ओवाळलं. ओवाळणी टाकता टाकता तोही म्हणाला, "अक्का, सासरच्यांशी कशाला वाकडं घेती?" म्हणजे विषय इथवर पोचला. मी जेवले आणि निघाले. राहणार होते खरं तर.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

कारखान्याचं धुराडं पेटलं, हंगाम सुरू. रस्ता ओळखू येईना. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, ऊस दोन्ही अंगानं बाहेर आलेला, मागं रिफ्लेक्टर नाही, पुढं गाणी मात्र कर्णे लावून. बावड्याकडनंही रांग चालूच. सा.ना म्हटलं, आता बघायला या. आज नाही, उद्या नाही, करत करत गुरुवारचं कबूल केलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार



नवीन पंक्चर जेवढं रुंद धरलंय, तेवढंच शाळेजवळच्या पेट्रोल पंपासमोर आधीपासनं आहे. म्हटलं, भरलेला ट्रॅक्टर तिथं वळवून दाखवते, म्हणजे वाद मिटेल. सा. आले, सल्लागार आले. (आज काळे बूट.) दोन्ही बाजूंना माझी माणसं उभी केली आणि येईल तो पहिला ट्रॅक्टर थांबवा म्हणून सांगितलं.

पहिला आला तो आबांचा. देवाशपथ, मी ठरवलं नव्हतं. आबा स्वतः चालवत होते. मला बघितलं, सा.ना बघितलं, आणि मान फिरवून वळवायला लागले. मुंडकं वळलं, पहिली ट्रॉली वळली, दुसरी दुभाजकाला घासून आडवी राहिली. पुढं जाईना, मागं येईना. दोन्ही बाजू बंद. इंदापूरकडनं एसटी, मागं टेम्पो, सगळ्यांचे हॉर्न.

आणि शाळा सुटलेली. मुली रस्ता बंद बघून ट्रॉली आणि दुभाजकाच्या फटीतनं सायकली घालायला लागल्या. आबा नेमके तेव्हाच मागं घेत होते. मी ओरडत पळाले, पुढच्या मुलीची सायकल कॅरियरला धरून ओढली. ती पडली, गुडघा फुटला. ट्रॉली फटीत येऊन टेकली. माझ्या माणसानं बॉनेटवर काठी आपटली तेव्हा आबा थांबले.

सायली होती ती.

सा. गाडीत बसून फोनवर. सल्लागार म्हणाले, "ड्रायव्हर नवखा दिसतोय." आबा वीस-पंचवीस वर्षं ट्रॅक्टर चालवतात. मी त्या माणसाला काय बोलले ते इथं लिहीत नाही. खात्यात तक्रार झालीच तर तिथं वाचायला मिळेल.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मी लिहिलं, 'सदर प्रस्तावास हरकत आहे.' गुरुवारचं सगळं खाली मांडलं. सायलीचं नाव घातलं नाही, 'एक विद्यार्थिनी' असं लिहिलं. बोचतंय, पण पद्धत तीच.

दुपारी सा.नी परत बोलावलं. दुरुस्त मसुदा समोर ठेवला. शेवटची ओळ: 'गळीत हंगामाचा कालावधी वगळता प्रस्तावास वाहतुकीच्या दृष्टीने हरकत नाही.'

दोनदा वाचली. हंगाम वगळता! मग हंगामात ते पंक्चर उचलून घरात ठेवणार आहात का? हॉटेल झाकणार आहात? मंगल कार्यालयाला कुलूप? लग्नं आणि ऊस एकाच वेळी असतात, एवढं तरी कळतं ना? हे सगळं तोंडावर बोलले. सा. म्हणाले, "तुमचंही राहतंय, त्यांचंही राहतंय. हरकत शब्द आहे की त्यात." सोमवारी अकरा वाजता सही. नाही केली तर फाइल दुसऱ्याकडं. आता दुसरा माणूस मिळतो, नागपूरहून आणावा लागत नाही.

दुसऱ्यानं सही केली तर माझा कागद गुंडाळून टोपलीत. मी केली तर माझं नाव त्या वाक्याखाली कायमचं. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, तुला पटेल ते कर. नवऱ्यानं एवढं म्हणायला तीन महिने लावले.

१६ नोव्हेंबर, रविवार

दुपारी दार वाजलं, तर आबा. पोलीस लाइनीतल्या आमच्या घरी पहिल्यांदा आले. आमचे हे बाजारात गेलेले. चहा दिला, आज हातातनं घेतला. सायलीचा गुडघा विचारला. बरी हाय म्हणाले, पण सायकलला हात लावत न्हाई.

कप रिकामा करून खाली बघतच म्हणाले, "त्या दिवशी मला मागलं काय बी दिसंना. नुस्ता ऊस. काठी वाजली न्हसती तर म्या घेतच व्हतो मागं. पोटची पोर व्हती तितं, मला दिसली न्हाई."

वाटलं, सुटलो. माणूस आला भानावर. उद्या हेच साहेबांसमोर सांगाल का, हे शब्द ओठावर होते.

तेवढ्यात म्हणाले, "तरी बी तू सही कर. सालभराची बाब न्हाई, चार-पाच म्हैन्यांची हाय. म्या शेठला शब्द दिलाय."

ही दोन्ही बोलणी एकाच तोंडातनं आली. एकाच कपाच्या चहावर. मी उठून उभी राहिले. पोलिसात एवढी वर्षं काढली, खोटं बोलणारे रोज बघते, त्यांचा इतका संताप कधी आला नाही. कारण हा माणूस खरं बोलत होता.

म्हटलं, "आबा, सायलीला काय शब्द दिलाय तुमी?"

आबांनी टोपी सारखी केली, चपला घातल्या आणि जिना उतरले. ट्रॅक्टरवरच आले होते, ट्रॉल्या सोडून. बराच वेळ सुरू केला नाही त्यांनी. मी वरून बघत होते. शेवटी गेले.

उद्या अकरा वाजता बोलावलंय.