दोन अर्धे डबे

२८ सप्टें., रवि.
नेमबाजीच्या रेंजवरून आत्ता आले. खांदा दुखतोय, पण जमलं एकदाचं! निशाण्याच्या कागदावर तिन्ही भोकं एकमेकांना चिकटून. जूनपासून डोकं खाल्लंय या तांब्याने. इथल्या कायद्याने शिकारीला शिसं चालत नाही, अख्खी तांब्याची गोळी लागते. ती लांब, काडतुसात खोल बसते, पावडरला जागा उरत नाही. शिशाच्या जुन्या हिशेबाने भरलं तर रायफल फुटायची. म्हणून नवी सावकाश जळणारी पावडर आणली, चिमूट चिमूट वाढवत बघितली, आज सापडलं.

नीरज: "दुकानात तयार मिळतात ना गं?" मिळतात. पोळ्याही तयार मिळतात, मग तुला का माझ्या हातच्या लागतात?

सई शिकारीला येणार आहे. बावीस वर्षांची झाली, आणि पहिल्यांदा स्वतःहून म्हणाली, "आई, लोड सम फॉर मी." कॉलेजला गेल्यापासून हवापाण्यापलीकडे माझ्याशी न बोललेली पोर! तिच्या रायफलमध्ये मी भरलेली गोळी. बस, एवढंच पाहिजे मला.

१ ऑक्टो., बुध.
ऑफिसात टेपआउट पुढे गेलं. म्हणजे चिपचं डिझाइन कारखान्यात जाईपर्यंत सगळे वीकएंड बोंबलले. म्हणजे सईबरोबर मी नाही. मॅनेजर म्हणतो, वुई ऑल मेक सॅक्रिफायसेस. तू कसला करतोस रे? तू तर हवाईतून मीटिंग घेतोस!
सई जाईल मैत्रिणीबरोबर, केटीबरोबर. केटीचे वडील आहेत सोबत, जुने शिकारी. पण मी नाही.

घरी आले तर गॅरेज चकाचक. खंडेनवमी! अण्णांनी ड्रिल, पाने, माझं गोळ्या भरायचं प्रेस, तराजू, सगळं पुसून हळदकुंकू वाहिलंय. प्रेसच्या दांड्यावर झेंडू. सासरे सांगलीहून आल्यापासून या घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ. नीरजला म्हटलं, तुझे वडील आहेत, तू सांग, माझ्या बेंचला हात लावायचा नाही. "प्रेमाने करतात गं." हो ना. माझी मोठी कात्री प्रेमाने कुठे गेली तेवढं विचार.

५ ऑक्टो., रवि.
सईच्या गोळ्या भरल्या. प्रत्येक गोळीची पावडर तोलून. तीच पावडर, तोच आकडा, म्हणून परत रेंजवर नाही गेले. वेळ कुठाय. डबीवर तिचं नाव लिहिलं.
आज खुश आहे. लिहून ठेवते, क्वचित होतं.

१० ऑक्टो., शुक्र.
सई आली, जेवली, गेली. अण्णांनी कुंकू लावलं कपाळाला, नातीला शिकारीला जाताना बघून त्यांचीच छाती फुगलेली. डबी बॅगेत टाकताना म्हणाली, "यू मेड ऑल धिस?" आणि मिठी मारली. मी उगाच ओरडले, जॅकेट घे म्हणून.

११ ऑक्टो., शनि.
गाडीत लिहितेय. नीरज चालवतोय. काहीतरी लिहिलं नाही तर त्याच्यावर ओरडेन.
सकाळी चहा गाळायला गेले. भांड्यांच्या रॅकमध्ये कपांच्या शेजारी काळा प्लास्टिकचा डबा उपडा घातलेला. माझ्या जुन्या पावडरचा. धुतलेला!
"अण्णा, हा डबा?"
"चांगला आहे गं. कोथिंबीर लावतो त्यात. वास जात नव्हता, म्हणून परत धुतला."
"यातली पावडर कुठाय?"
"ती होय? दुसऱ्या डब्यात ओतली. दोन्ही अर्धे अर्धे होते, उगाच जागा अडवत होते. दिसायला सारखीच की."
कधी? खंडेनवमीला. आवरताना.
म्हणजे सईच्या गोळ्यांच्या आधी.
अहो, डाळ आहे का ती! जुनी भराभर जळते, नवी सावकाश. दोन्ही मिसळल्यावर काय होईल ते देवालासुद्धा सांगता येणार नाही. आणि ते जिथे फुटेल तिथे माझ्या पोरीचा गाल टेकलेला असणार.
फोन लागत नाही. डोंगरात सिग्नल नाही. तिला, केटीला, केटीच्या वडिलांना मेसेज टाकले, एकही पोचत नाही. फॉरेस्ट ऑफिसातली बाई म्हणाली, माणूस पाठवते. कधी पाठवणार, बाई? अण्णा मागून विचारत होते, "एवढं काय झालं?" न सांगताच गाडीत येऊन बसले, नाहीतर काय बोलले असते कुणास ठाऊक.
नीरज, जोरात चालव ना रे.

त्याच दिवशी, नंतर
सापडली. दोन्ही डोळे आहेत. दोन्ही हात आहेत. मी तिला दहा वेळा चाचपलं, तिने चाचपू दिलं.
नेम जुळतो का बघायला कॅम्पवर एकच गोळी झाडली होती. रायफलचा बोल्ट उघडेना. केटीच्या वडिलांनी ठोकून उघडला, काडतुसाच्या बुडाचा प्रायमर पार चपटा, म्हणजे आत दाब भलताच. "सो आय स्टॉप्ड, आई." बाकीच्या डबीत तशाच. मी कारण सांगितलं. ऐकून घेतलं तिने, आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. अनोळखी माणसाकडे बघावं तसं.

१३ ऑक्टो., सोम.
उरलेल्या गोळ्या काडतुसांतून उपटून काढल्या, पावडर सगळी फेकून दिली. तांबं तेवढं उरलं.

नीरज म्हणतो, झालं ना आता ठीक? अण्णांना सांगू नकोस, त्यांना झोप लागणार नाही. आणि मला लागते का?
नाहीच सांगणार होते. पण संध्याकाळी ते सांगलीला व्हिडिओ कॉलवर: "मेधाचा सगळा कारखाना मीच लावून दिला, पूजाबिजा केली, आता बघा पोरगी कशी हरीण मारते." भडकलेच मी. फोन चालू असतानाच सगळं सांगितलं. पोरगी मेली असती तुमच्या आवराआवरीपायी, असं म्हणाले. म्हणाले खरी.
त्यांनी फोन ठेवला. चष्मा काढला. म्हणाले, "मग भरताना तू डबा बघितला नाहीस? अर्ध्याचा भरलेला झाला होता तो."
जड लागला होता. वाटलं, आपण कमी वापरली असेल.
पण हे त्यांनी म्हणावं? त्यांनी? अजून कानशिलं तापलीयत माझी.

२० ऑक्टो., सोम.
दिवाळी. फराळ विकतचा. अण्णा माझ्याशी बोलत नाहीत, मी त्यांच्याशी नाही. मीठ हवं तर नीरजकडे मागतात. गॅरेजच्या दाराकडे बघतसुद्धा नाहीत. नीरज दोघांच्या मधे बसून चकली मोडतो.
माफी मागणार नाही मी. त्यांनीही मागितलेली नाही.

२६ ऑक्टो., रवि.
सईचा फोन. परत जाणार आहे डोंगरात, सीझन संपायच्या आत. मी म्हटलं, नवी पावडर आणलीय, सीलबंद, आज बसते भरायला, आधी स्वतः झाडून बघेन. ती म्हणाली, "आई, आय'ल जस्ट बाय फॅक्टरी वन्स. फॉर नाऊ."
फॉर नाऊ म्हणजे कधीपर्यंत गं?
"आय डोन्ट नो, आई."
तांब्याच्याच घे, म्हटलं. आणखी काय म्हणणार.
फोन ठेवला तर अण्णा गॅरेजच्या दारात. "काय म्हणते सई?" त्या दिवसानंतर पहिल्यांदा तोंड उघडलं माझ्याशी.
"दुकानातून घेईन म्हणते."
ऐकलं, पण घरात परत गेले नाहीत, तिथेच उभे राहिले.