पागोळ्यांखालची बाळं

ब्राउनश्वाइग,
८ ऑक्टोबर २००६

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मेतकूट पोचलं. हृषिकेश ते लोणी लावलेल्या पावावर भुरभुरवतो. तुझा जावई आता पुरता जर्मन झाला असं समज.

काम जोरात आहे. जवळच्या खेड्यातल्या चर्चची फरशी उखडली, तर खाली बाराशे वर्षांपूर्वीचं, खोलीएवढं चर्च निघालं. इंग्लंडहून आलेल्या साधूंनी बांधलेलं. एका दगडावर गुंतलेल्या वेली आणि त्यांत चोच खुपसलेले पक्षी आहेत, थेट तिकडच्या अँग्लो-सॅक्सन कारागिरांच्या वळणाचे. माझं काम सापडेल ते कागदावर उतरवायचं. पक्षी भराभर उतरले.

भिंतीबाहेर मात्र हात थांबला. तिथे वळचणीला तान्ह्या बाळांच्या कबरी आहेत. बाप्तिस्म्याआधीच गेलेल्या बाळाला दफनभूमीत जागा नसे. म्हणून त्यांना इथे पुरत. बाप्तिस्म्याचं पाणी नाही, तर देवाच्या छपरावरच्या पागोळ्या तरी अंगावर पडाव्यात, असं आमचे प्रोफेसर सांगतात.

आई, हे फोनवर बोलवत नाही. एप्रिलमध्ये आमचं बाळ पोटातच गेलं, तेव्हा बघायचं का म्हणून नर्सने पुन्हा पुन्हा विचारलं. सासूबाईंनी फोनवरून बजावलं होतं की तोंड पाहू नकोस, नाव ठेवू नकोस, जीव अडकतो. मी ऐकलं. हृषिकेश एकटाच त्याला पुरून आला. तो दर रविवारी जातो, मला चल म्हणतो, मी भांडते. पाहिलंच नाही त्या बाळासमोर जाऊन काय करू? तुझंही मत सासूबाईंसारखंच असेल तर तसं लिही.

बाबांना नमस्कार. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी
मुक्ता

पुणे,
२५ ऑक्टोबर २००६

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

पत्र ऐन दिवाळीत आलं. फराळाचं विचारू नकोस, चकल्या सगळ्या मोडल्या.

तुला कधी सांगितलं नाही. तुझ्याआधी मला मुलगा झाला होता. दुपारभर जगला. मामंजी त्याला दुपट्यात गुंडाळून घेऊन गेले आणि घरात पुन्हा कुणी विषय काढला नाही. तू चालायला लागल्यावर मी धीर करून ह्यांना विचारलं. म्हणाले, नदीकाठी उंबराखाली ठेवलाय. पण तोवर धरण झालं होतं. उंबर पाण्याखाली गेला होता.

मला जायला जागा नाही गं. तुला आहे. तू जा. आणि त्याचं नाव ठेव. नावाला चेहरा कशाला लागतो? बाळ पोटात असतानाच आपण नावं ठरवतो ना! विहीणबाईंना काय सांगायचं ते मी बघते.

थंडी पडली असेल, पायाला तेल लावत जा. हृषिकेशरावांना आशीर्वाद. तुझ्यात जीव गुंतलेली,

आई

ब्राउनश्वाइग,
१३ नोव्हेंबर २००६

ती. आईस,
सा. न. वि. वि.

काल गेले. लहान मुलांचा वेगळा कोपरा आहे, कुणी कुणी भिरभिरी लावलीत. आमच्या बाळाला नुसती आडनावाची लाकडी पट्टी. मी मातीवर हात ठेवला आणि खूप रडले. हृषिकेशही रडला, इतके महिने तो माझ्यासमोर रडला नव्हता. पोटात होता तेव्हा आम्ही त्याला गौरांग म्हणायचो. तेच नाव ठेवलं.

आता दगड बसवायचा आहे. कारागिराला सांगितलंय की गौरांगच्या वर एक ओळ रिकामी सोड, नाव पुण्याहून यायचंय. तो थांबायला तयार आहे.

आई, तू दादाचं नाव काय ठरवलं होतंस? कळव.

तुझी
मुक्ता