उष्णता झालीय म्हणे

दादा,

तुला नमस्कार, आणि तुला झेलणाऱ्या वहिनीला त्याहून मोठा.

माझं बरं चाललंय. नव्या गोळ्यांनी आतड्यातली गाठ आटतेय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पोटावरची शौचाची पिशवी आता माझी मीच बदलते. जेवणही जातं.

काल मात्र डोकं फिरलं. आमच्या पेशंटांच्या मेळाव्यात एक पाहुणे धीर द्यायला आले होते. तासभर बोलले, पण 'त्या भागाचा आजार' यापुढे त्यांची गाडी सरकेना. मध्येच माझी पिशवी जरा वाजली, तर गृहस्थांनी चक्क नाकाला रुमाल लावला! वास नव्हता रे, नुसता आवाज होता. त्या रुमालाची इतकी शिसारी आली की मी उठून माईकच घेतला. म्हटलं, "भाग कसला? गुदाशय म्हणतात त्याला. संडासात रक्त पडलं तर तसं तोंडाने सांगावं लागतं."

मागून एक आजोबा ओरडले, "मी तर वर्षभर उष्णता झालीय म्हणून गार दूध पीत बसलो!"

सगळे हसले. मला हसू येईना. परवाच वहिनी फोनवर म्हणाली, तुलाही उष्णता झालीय आणि तूही गार दूध पितोस.

भावंडांनी दुर्बिणीची तपासणी करायचीच, असं बाईंनी बजावलंय. उद्याच जा. डॉक्टरांपुढे लाजलास, तर वहिनी खरं काय ते मोठ्याने सांगणार आहे, बाहेर बसलेल्यांनाही ऐकू जाईल असं. तसं मी तिला शिकवून ठेवलंय.

पोरं कशी आहेत?

तुझी निर्लज्ज
धाकटी